चार भिंतींतलं गाणं: बंद स्टुडिओत नजर कशी धरून ठेवायची?

पीएचडीचा विषय सांगितला की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे तू दिवसभर गाणी बघतेस?" हो, बघते. पण जरा उलट्या क्रमाने. आधी आवाज पूर्ण बंद करून गाणं बघायचं, प्रत्येक कडव्याच्या शेवटी पडद्यावर नेमकं काय बदललं ते वहीत लिहायचं आणि मग आवाज लावून पुन्हा पहिल्यापासून बघायचं. माझा अभ्यास स्टुडिओच्या बंद जागेत चित्रित झालेल्या गाण्यांचा आहे. म्हणजे चाल आणि शब्द सोडून उरतं ते: खोली, प्रकाश, कॅमेरा, आणि या सगळ्याला हात लावणारी माणसं.

प्रश्न तसा साधा आहे. बाहेर चित्रीकरण केलं की निसर्ग फुकटात मदत करतो. वारा सुटतो, ढग सरकतात, मागून एखादी बैलगाडी जाते. स्टुडिओत यातलं काहीच आपोआप होत नाही. पान हलायला हवं असेल तर पंखा लावणारा माणूस लागतो. त्यात गाणं सुरू झालं की बहुतेक वेळा गोष्टही जागच्या जागी थांबते. मग प्रेक्षकाने ती तीन-चार मिनिटं बघत का राहायचं?

याचं नेहमीचं उत्तर "भव्य सेट लावा, पैसा ओता" असं असतं. मला मात्र जुनी गाणी बघताना वेगळंच काही दिसतं. बंद खोलीतलं गाणं डोळ्यांना धरून ठेवतं ते खोलीत काय काय भरलंय म्हणून नाही. गाणं सुरू होताना जी खोली होती ती गाणं संपताना तशीच राहिलेली नसते, म्हणून. सजावट पहिल्या दहा सेकंदांत बघून होते. बदल मात्र शेवटपर्यंत बघावा लागतो. आजच्या लेखात हेच मुद्दे काही गाण्यांच्या आधारे मांडते.

आधी खोली आली ती आवाजासाठी

सुरुवात 'आलम आरा'पासून करू. १४ मार्च १९३१, मुंबईचं मॅजेस्टिक थिएटर, दिग्दर्शक अर्देशीर इराणी. भारतातला पहिला बोलपट, आणि त्यात सात गाणी. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नटाने कॅमेऱ्यासमोर गायचं आणि वाजवणाऱ्यांनी तिथेच, पण चौकटीबाहेर लपून वाजवायचं. मायक्रोफोनही नजरेआड ठेवायचा. स्टुडिओजवळून रेल्वेचे रूळ जात असल्यामुळे बरंचसं चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर केलं गेलं. त्या यंत्रणेत आवाज आणि चित्र एकाच पट्टीवर उमटत होतं. त्यामुळे चित्र कापलं की गाणंही कापलं जाणार.

याचा दृश्यावर काय परिणाम होतो बघा. गाणाऱ्याने मायक्रोफोनपासून लांब जायचं नाही, कॅमेऱ्याने आवाज करायचा नाही आणि मध्येच कात्री लावायची नाही. सगळं गोठलेलं. म्हणजे आपल्याकडे पडद्यावरचं गाणं जन्मालाच आलं ते शांततेसाठी बांधलेल्या एका कोठडीत.

१९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायन वापरलं. गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं आणि चित्रीकरणाच्या वेळी ते लावून ओठ हलवायचे, ही पद्धत हळूहळू रुळली. आता गाण्याला शांत खोलीची गरज उरली नव्हती. तरीही पुढची पंचवीस-तीस वर्षं गाणी मोठ्या प्रमाणावर स्टुडिओतच चित्रित होत राहिली. का? माझ्या मते याचं मुख्य कारण प्रकाश. बाहेर सूर्य सांगेल तसं वागावं लागतं. आत सावली कुठे पडायची ते तुम्ही ठरवता. आवाजासाठी बांधलेली खोली आता प्रकाशासाठी उपयोगी पडू लागली, आणि खरी गंमत इथून सुरू होते.

एकच जागा, पण माणूस बदलतो

पहिलं उदाहरण आपल्या पुण्याचं. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली. १९३९ च्या 'माणूस'मध्ये व्ही. शांतारामांनी मैनेचं एक बहुभाषिक गाणं घेतलं आहे. संगीत मास्टर कृष्णराव यांचं, आणि गायलंय स्वतः शांता हुबळीकरांनी. या गाण्यात दर कडव्याला भाषा बदलते, आणि भाषेबरोबर मैनेचा आविर्भावही. आवाज बंद करून बघितलं तरी कळतं की आता ही बाई दुसऱ्या कोणाची तरी नक्कल करतेय. जागा बदलायची गरजच पडली नाही, कारण माणूस बदलत राहिला.

वीस वर्षांनी, १९५९ च्या 'नवरंग'मध्ये, शांताराम हीच युक्ती टोकाला नेतात. होळीच्या गाण्यात संध्या एकटीच स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही भूमिका नाचते. समोरून बाई. पाठ फिरवली की डोक्याच्या मागे बांधलेला मुखवटा आणि पुरुषाचा पोशाख. म्हणजे एक गिरकी घेतली की माणूस बदलला! इथे कॅमेऱ्याला काही जादू करावी लागत नाही. सगळा खेळ एका शरीरावर आणि पोशाखावर. त्या गाण्यातला नाचणारा हत्ती सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण गाणं तोलून धरते ती ही गिरकी, असं मला वाटतं.

जागेच्या कडा पुसून टाकणं

दुसरा मार्ग म्हणजे खोली आहे हेच विसरायला लावणं. १९५१ च्या 'आवारा'तलं स्वप्न आठवा. साधारण नऊ मिनिटांचा हा प्रसंग. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओचं बांधकाम तेव्हा पूर्ण व्हायचं होतं. कॅमेऱ्यामागे राधू कर्माकर, आणि कलादिग्दर्शन एम. आर. आचरेकर या मराठी चित्रकाराचं. नृत्य बसवलं मादाम सिम्की यांनी. चित्रीकरणाला सुमारे तीन महिने लागल्याचं सांगितलं जातं.

या सेटवरची सगळ्यात हुशार गोष्ट म्हणजे धूर. जमिनीवर धूर सोडला की जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. खोलीच्या कडाच नाहीशा होतात. तीस पावलांची जागा अथांग वाटू लागते. पण नुसता धूर असता तर दोन मिनिटांत डोळे कंटाळले असते. प्रसंगाची बांधणीच बदलांची आहे. आधी ढगांतून हाक मारणारी नर्गिस, मग ज्वाळा आणि सांगाड्यांसारख्या आकृतींचा नरक, मग पुन्हा वर, प्रचंड मूर्तीसमोरचं नृत्य, आणि शेवटी सुरा घेऊन उभा असलेला जग्गा. तोच धूर पहिल्यांदा ढग वाटतो आणि नंतर नरकातली वाफ. वस्तू तीच, अर्थ वेगळा. हे काम प्रकाशाने केलंय.

हजारो आरसे आणि दोन आरसे

आता माझ्या प्रबंधातल्या सगळ्यात आवडत्या जोडीकडे येते. १९५९ आणि १९६०, लागोपाठच्या दोन वर्षांत प्रदर्शित झालेली दोन गाणी. दोन्ही स्टुडिओतली, आणि दोन्हींचं रहस्य आरशात.

'मुग़ल-ए-आज़म'मधला शीशमहल तुम्हाला माहीत आहेच. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत तो उभारायला दोन वर्षं लागली असं सांगतात. काच बेल्जियमहून मागवलेली. सेटची मापं १५० फूट लांब, ८० फूट रुंद आणि ३५ फूट उंच अशी सांगितली जातात. मुळात कृष्णधवल असलेल्या चित्रपटात हे गाणं रंगीत. भव्यतेचं यापेक्षा मोठं उदाहरण शोधून सापडणार नाही. पण छायाचित्रकार आर. डी. माथुर यांच्या जागी उभं राहून विचार करा. आरशांच्या खोलीत दिवा लावला की प्रत्येक तुकड्यात तो दिवा दिसतो. डोळे दिपवणारी चमक थेट कॅमेऱ्यात शिरते. म्हणजे जिच्यासाठी एवढा खर्च केला तीच गोष्ट चित्र बिघडवणार! शेवटी परावर्तकांवर कापडाच्या पट्ट्या लावून प्रकाश मऊ केला गेला, तेव्हा कुठे काम जमलं.

आणि आता गाण्याची रचना बघा. आरसे पहिल्यापासून तिथेच आहेत, पण त्यांचा खरा उपयोग राखून ठेवलाय. शेवटच्या भागात छतातल्या असंख्य तुकड्यांत असंख्य अनारकली फिरू लागतात आणि बादशहाला जिकडेतिकडे तीच दिसते. एकटी नर्तकी दरबारापेक्षा संख्येने जास्त होते. ही प्रतिबिंबं पहिल्याच कडव्यात दाखवली असती तर ती सजावट ठरली असती. शेवटी आली म्हणून ती बंडखोरी झाली. दोन वर्षांच्या मेहनतीइतकंच मोल मला या राखून ठेवण्याचं वाटतं.

दुसरं गाणं 'काग़ज़ के फूल'मधलं. गुरुदत्त दिग्दर्शक, व्ही. के. मूर्ती छायाचित्रकार, कलादिग्दर्शक पुन्हा आचरेकरच. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. गाणं गीता दत्त यांचं, शब्द कैफी आझमींचे, संगीत सचिनदेव बर्मन यांचं. आणि प्रसंग कुठे घडतो? एका रिकाम्या चित्रपट स्टुडिओत! म्हणजे इथे स्टुडिओ लपवलेला नाही, सजवलेला नाही, तो स्वतःच रूपात उभा आहे. दोन माणसं लांबलांब उभी आहेत, ओठही हलवत नाहीत. गाणं जणू हवेतून येतंय.

या गाण्यातला वरून तिरका पडणारा प्रकाशाचा झोत आज जगभर ओळखला जातो. मूर्तींनी मुलाखतींत त्याची कृती सांगितली आहे. बाहेरचं खरं ऊन एका मोठ्या आरशाने आत वळवायचं, आणि आतल्या दुसऱ्या आरशाने ते खाली फेकायचं. दिवा का नाही वापरला? कारण दिव्याचे किरण पसरत जातात. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळपास समांतर येतात, त्यामुळे झोत वरपासून खालपर्यंत एकसारखा, एखाद्या खांबासारखा दिसतो. त्यात थोडा धूर सोडला की प्रकाशालाच आकार येतो. काळोखी खोलीत एक खांब उभा राहतो, जो धरता येत नाही.

आणि बदल? तोही आहे. गाण्यात एका क्षणी दोघांच्या देहांतून त्यांची छायारूपं बाहेर पडतात आणि त्या झोतात एकमेकांना भेटतात. देह मात्र जागच्या जागी. गाणं संपतं तेव्हा खोली दिसायला जवळपास तशीच आहे, पण आपल्याला ठाऊक झालंय की यांची भेट फक्त त्या उजेडात होऊ शकते. सिनेमास्कोपच्या रुंद चौकटीत दोन माणसं ठेवली की मधे भली मोठी रिकामी जागा उरते. सजावट करणारा तिथे फुलदाणी ठेवेल. गुरुदत्त आणि मूर्तींनी तिथे अंतर ठेवलं.

चित्रपट तेव्हा चालला नाही. त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून आपलं नाव पुन्हा लावलं नाही. मूर्तींना मात्र या कामाबद्दल फिल्मफेअर मिळालं, आणि पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार ठरले.

गाणं चित्रपटातून सुटं होतं तेव्हा

इथवरची गाणी चित्रपटाच्या पोटातली होती. रेडिओवर आणि तबकडीवर गाणं पुन्हा ऐकता यायचं, चोपडीत शब्द वाचता यायचे, पण पुन्हा बघायचं तर थिएटर गाठावं लागायचं. अमेरिकेत १९४० च्या दशकात एक वेगळा प्रयोग झाला. पॅनोरम नावाचं नाणं टाकून चालणारं यंत्र, आणि त्यात 'साउंडीज' नावाचे तीनेक मिनिटांचे गाण्यांचे लघुपट. एका रिळावर आठ, आणि निवड करायची सोय नाही. पुढचं जे असेल ते बघा. मी बघितलेल्यांपैकी पुष्कळांत वाद्यवृंद, मागे रंगवलेला पडदा आणि बाजूला नाचणाऱ्या मुली एवढंच दिसतं. वस्तू भरपूर, बदल काही नाही. उत्तम गायक-वादकांची नोंद म्हणून ते अनमोल आहेत, पण आवाज बंद केला की माझी नोंदवही रिकामी राहते.

आपल्याकडे गाणं सुटं दिसू लागलं ते दूरदर्शनवर. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि 'छायागीत'ने चित्रपटातली गाणी चित्रपटाशिवाय घराघरांत आणली. गोष्ट माहीत नसतानाही गाणं बघता येऊ लागलं. म्हणजे आता दृश्याला स्वतःच्या पायांवर उभं राहणं भाग होतं.

या संदर्भात दोन व्हिडिओंची नावं घेते. पहिला इंग्लंडमधला, नोव्हेंबर १९७५ चा, 'क्वीन'चा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स, जागा एल्स्ट्रीचा स्टुडिओ, वेळ साधारण चार तास. काळोखातून वर आलेले चार चेहरे, एवढंच भांडवल. मग गाण्यात आवाजांचे थर वाढतात तसे भिंगाच्या साहाय्याने चेहऱ्यांच्याही प्रती वाढतात. एका ठिकाणी कॅमेरा सरळ मॉनिटरकडे वळवून चेहऱ्यांची न संपणारी रांग केली आहे. म्हणजे तो काचेशिवायचा शीशमहलच!

दुसरा आपला, १९९८ चा, दलेर मेहंदी यांचा 'तुनक तुनक तुन'. त्यांच्या गाण्यांवर टीका व्हायची की व्हिडिओतल्या सुंदर मुलींमुळे ती चालतात. मग त्यांनी मुलीच काय, बाकी सगळी माणसंच काढून टाकली. एकरंगी पडद्यासमोर एकटे नाचले, पार्श्वभूमी संगणकाने भरली, आणि वेगवेगळ्या पोशाखांतले चार दलेर एकत्र आणले. तंत्र आज बाळबोध वाटतं. तरीही लोक ते बघतात, कारण एकाचे चार होतात. इथेही खोली रिकामीच होती. बदलला तो माणूस, अगदी 'माणूस'मधल्या मैनेसारखा.

लपवलेला मायक्रोफोन समोर येतो

२००८ साली दोन गोष्टी सुरू झाल्या: पाकिस्तानात 'कोक स्टुडिओ', आणि अमेरिकेतल्या एनपीआर रेडिओच्या कार्यालयात एका टेबलामागे होणारी 'टायनी डेस्क' ही मैफल. दोन्हींकडे गायक खरोखर गातात आणि वाजवणारे समोरच वाजवतात. तारा, हेडफोन, मायक्रोफोन सगळं चौकटीत. १९३१ मध्ये जो मायक्रोफोन लपवायला एवढी धडपड झाली, तोच आता प्रामाणिकपणाची खूण म्हणून पुढे ठेवला जातो. या ७७ वर्षांत खोली तीच राहिली, आपण मात्र तिच्याकडे बघायची नजर बदलली.

पण मग अशा व्हिडिओत बदलतं काय? कान कुठे जातो ते. चांगल्या भागात एखादं वाद्य शिरायच्या क्षणी कॅमेरा त्या हातांवर पोचलेला असतो. आपल्याला कळतं की हा आवाज या बोटांतून येतोय. एकेक माणूस गाण्यात सामील होत जातो आणि खोली भरत जाते. कमअस्सल नकलांमध्ये पिवळे दिवे असतात, गोल फिरणारा कॅमेरा असतो, पण तो कॅमेरा गाणं ऐकत नसतो. सनई वाजतेय आणि आपण गिटारचा पट्टा बघतोय!

"मग कट वाढवले की बदल आपोआप होईल ना?" असं मला एका चर्चेत विचारलं गेलं. माझं म्हणणं असं: कट केल्याने बघायची जागा बदलते, खोलीतली परिस्थिती बदलत नाही. 'काग़ज़ के फूल'मधल्या गाण्यात कॅमेरा संथ आहे, घाई कुठेच नाही, तरी नजर हटत नाही. उलट सेकंदाला एक कट असलेल्या कित्येक व्हिडिओंची माझ्या वहीतली नोंद एका ओळीत संपते.

ज्यांनी आरसा धरला

हे सगळं शोधायचं तर पुरावे कुठे मिळतात? सेट गाणं संपल्यावर मोडले जातात. प्रभातचा स्टुडिओ निदान एफटीआयआयच्या आवारात टिकून आहे. आर. के. स्टुडिओला सप्टेंबर २०१७ मध्ये आग लागली, त्यात जुने पोशाख आणि वस्तू गेल्या. पुढे ती जागा विकली गेली. 'आवारा'चा धूर जिथे सोडला गेला ती जमीन आता स्टुडिओ म्हणून उरलेली नाही.

श्रेयनामावलीत छायाचित्रकार आणि कलादिग्दर्शक सापडतात. पण मूर्तींच्या त्या झोताचा पुन्हा विचार करा. सूर्य एका जागी थांबत नाही. म्हणजे झोत त्याच जागी पडत राहायला हवा असेल, तर आरसा थोडा थोडा फिरवणारं कोणीतरी तिथे हवंच. शीशमहलात परावर्तकांना कापडाच्या पट्ट्या लावणारे हात असतीलच. संध्याचा मुखवटा डोक्याच्या मागे नेमका बसवणारा कोणी असेलच. खोली बदलली ती या हातांनी, आणि गाण्यांच्या इतिहासात यांची नावं नाहीत. आपण गाण्यांचा इतिहास गायक, कवी आणि नटांचा म्हणून लिहिला, कारण त्यांची नावं चोपडीत छापलेली होती.

म्हणून माझ्या प्रबंधाचा पुढचा टप्पा मुलाखतींचा आहे. मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरच्या स्टुडिओंत लाइट, सेट, सुतारकाम, कपडेपट, मेकअप यांपैकी कशावरही काम केलेलं कोणी तुमच्या घरात किंवा ओळखीत असेल, तर जरूर कळवा. आठवणी अर्धवट असल्या तरी चालतील. एखादी हजेरीची वही किंवा पगाराची पावती असेल तर फारच उत्तम. ती पिढी आता फार थोडी उरली आहे, आणि त्यांना विचारायचे प्रश्न माझ्याकडे अजून पुष्कळ आहेत. त्यातला पहिला साधाच आहे: तो आरसा किती जड होता?